रानातला मुक्काम, एक पातेलं आणि कॉफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीवर सॅक घेऊन चालत जायचं आणि जिथे नळ, शौचालय, छप्पर यातलं काहीच नाही अशा जागी एक-दोन रात्री राहायचं, असं करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. गाडीशेजारी तंबू टाकणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. त्यांनी वजनाबद्दलची कटकट सोडून वाचावं. एक मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उत्तरं तशी का आहेत ते कळेल. रानातलं स्वयंपाकघर म्हणजे पाणी उकळायची सोय. ती नीट जमली की जेवण जमतं. चोखंदळपणा करायचाच असेल तर तो कॉफीत करावा.

वाइल्ड कॅम्पिंग म्हणजे कुठेही तंबू टाकला तरी चालतं ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. काही देशांत उघड्यावर मुक्काम करायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने तो मिळाला. पण तिथेही थोडी माणसं, एका जागी फार तर दोन-तीन रात्री आणि मागे काही खूण नाही, अशी अपेक्षा असते. तिथल्याच लॉक लोमंड या तळ्याच्या काही काठांवर तर मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. नॉर्वेत १९५७चा कायदा आहे: राहत्या घरापासून किंवा केबिनपासून किमान १५० मीटर दूर राहायचं आणि सखल भागात एका जागी दोन रात्रींहून जास्त थांबायचं असेल तर मालकाला विचारायचं. स्वीडनमध्ये हा हक्क परंपरेने चालत आलेला आहे. इंग्लंडमध्ये मात्र जवळपास सगळीकडे जमीनमालकाची परवानगी लागते. नैऋत्येकडचं डार्टमूर हे माळरान हा ठळक अपवाद. तो हक्कही कोर्टात गेला होता आणि २०२५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

जिथे असा हक्क नाही तिथे जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला विचारायचं, मग तो शेतकरी असो की वनखातं. ‘कोणी बघत नाही’ ही परवानगी नव्हे.

तंबूसाठी जागा कशी निवडायची?

उजेड असतानाच. अंधार पडल्यावर सगळ्याच जागा सारख्या वाटतात.

आधी वर बघा. वाळलेली फांदी किंवा वठलेलं झाड डोक्यावर असेल तर पुढे चला. शांत रात्रीही फांद्या पडतात. मग खाली बघा. कोरडा ओढा सपाट आणि वाळूचा असल्यामुळे मोह पाडतो, पण दूर कुठेतरी झालेला पाऊस तिथे रात्री लोंढा होऊन येऊ शकतो. खोलगट जागाही टाळा. थंड हवा जड असते, ती रात्री खळग्यात साचते, आणि त्याच डोंगरावर थोडं वर झोपलेला माणूस तुमच्यापेक्षा उबेत असतो. अगदी पाण्याकाठी तंबू टाकला तर सकाळी आतलं कापड दवाने निथळतं. शिवाय ती वाट पाणी प्यायला येणाऱ्या प्राण्यांची असते. पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे साधारण ७०-८० पावलं, हे अंतर लक्षात ठेवा. भांडी धुण्यापासून शौचापर्यंत सगळ्याला तेच उपयोगी पडतं.

चूल पेटवू का? शेकोटीशिवाय मजा नाही.

मजा आहे, मान्य. पण स्वयंपाकासाठी स्टोव्हच न्या. चुलीवर आच हातात राहत नाही, भांडं काळं होतं, ओली लाकडं धूर करतात आणि पोटात कावळे ओरडत असताना अर्धा तास फुंकर मारण्यात जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जळलेल्या जमिनीचा डाग वर्षानुवर्षं दिसत राहतो. बऱ्याच ठिकाणी कोरड्या ऋतूत जाळ करायला सरसकट बंदी असते. नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलालगत ती असतेच.

परवानगी असेल आणि आधीच्या लोकांनी केलेली जळकी जागा आयती मिळाली तर तिथेच पेटवा, नवी करू नका. मनगटापेक्षा जाड लाकूड नको, कारण ते पुरतं जळत नाही. नदीतले गोटे चुलीला लावू नका; आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात. विझवताना माती ढकलून मोकळं होऊ नका. मातीखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. पाणी ओता, काडीने ढवळा, परत पाणी ओता. राखेत हात घालता आला पाहिजे.

मग स्टोव्ह कोणता घ्यावा?

पहिल्यांदा घेत असाल तर फार विचार करू नका: गॅसच्या डब्यावर थेट बसणारा स्क्रूचा छोटा बर्नर. पेटवायला सोपा, आच कमी-जास्त होते, वजन मुठीत मावेल इतकं. त्याचा दोष एवढाच की डबा, बर्नर आणि वर पातेलं अशी उंच उतरंड होते आणि ती कलंडते. रुंद पातेल्यात पूर्ण जेवण करायचं असेल तर नळीने जोडलेला, जमिनीवर पाय रोवून बसणारा बर्नर बरा.

स्पिरिटचा स्टोव्ह आवाज करत नाही, त्यात बिघडायला काही नसतं, आणि त्याच्यावर जीव असलेले लोक त्याला सोडत नाहीत. स्वीडनच्या ट्रांगिया कंपनीचा वाऱ्यातही चालणारा संच १९५१पासून आहे. पण स्पिरिटमध्ये वजनामागे उष्णता कमी, म्हणून इंधन जवळपास दुप्पट न्यावं लागतं. आणि एक धोका नीट समजून घ्या: भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझला असं समजून वरून स्पिरिट ओतणं हा भाजण्याचा नेहमीचा प्रकार आहे. बर्नर हाताला गार लागल्याशिवाय भरायचा नाही.

पंप मारून चालणारे पेट्रोलचे स्टोव्ह कडाक्याच्या थंडीत आणि बर्फ वितळवायला उत्तम. दोन रात्रींच्या मुक्कामाला ते ओझंच.

गॅस किती लागेल?

अर्धा लिटर पाणी उकळायला साध्या बर्नरवर, वारा नसताना, ७-८ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमच्या डब्यात सहा-सात लिटर पाणी उकळतं. एका माणसाचं दिवसाचं दोन वेळचं गरम खाणं आणि दोन कॉफ्या धरल्या तर दीड-दोन लिटर होतं. हिशेब तुम्हीच करा, त्यात वाऱ्यासाठी थोडी भर घाला. वारा हा गॅसचा खरा शत्रू आहे. झाकण न ठेवणारा माणूस दुसरा.

वाऱ्याला आडोसा करा, पण डब्यासकट बर्नर चहूबाजूंनी पत्र्याने गुंडाळू नका. उष्णता कोंडते, डबा तापतो आणि फुटू शकतो. वाऱ्याच्या बाजूला सॅक उभी केली, थोडं अंतर राखून, तरी काम होतं. डबा हाताला कोमट लागायला लागला की आडोसा काढायचा.

पहाटे थंडीत गॅस पेटतच नाही. डबा तर अर्धा भरलेला वाटतो!

डब्यातला गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ झाली तरच जळतो. ब्युटेनची वाफ व्हायची हद्द शून्याच्या किंचित खाली संपते, आयसोब्युटेनची उणे १२ अंशांच्या आसपास, तर प्रोपेन उणे ४२पर्यंत टिकतो. डब्यात यांचं मिश्रण असतं आणि प्रोपेन लवकर निघून जातो, म्हणून अर्धा संपलेला डबा थंडीला जास्त कुरकुरतो. शिवाय वाफ होताना डबा स्वतःच गार होत जातो.

उपाय सोपा आहे. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. सकाळी तो थाळीभर साध्या पाण्यात उभा करून बर्नर लावा. पाणी गोठलेलं नाही म्हणजे ते डब्यापेक्षा गरमच आहे. डबा ज्योतीवर धरणारे महाभाग असतात. त्यांच्या शेजारी बसू नका.

आणि लायटरवर विसंबू नका. बर्नरची खटक्याची ठिणगी थंडीत, दमट हवेत आणि उंचावर दगा देते. काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत, वेगळ्या कप्प्यात.

पाऊस आहे. तंबूत स्वयंपाक केला तर?

करू नका. आग लागण्याची भीती सगळ्यांना असते, पण कार्बन मोनॉक्साइडची नसते, कारण त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं चालून दमलो. तंबूत ऊब यावी म्हणून स्टोव्ह चालू ठेवणं किंवा विझत आलेले निखारे आत घेणं यातून लोक मेले आहेत, आणि दर हिवाळ्यात मरतात. पावसाची शक्यता असेल तर एक ताडपत्री जास्तीची न्या, चारही बाजू मोकळ्या ठेवून उंच बांधा आणि तिच्याखाली शिजवा. तेही जमत नसेल तर थंड खायचं काहीतरी सॅकमध्ये असू द्या.

झऱ्याचं पाणी थेट प्यावं का? स्वच्छ दिसतंय.

स्वच्छ दिसण्याचा आणि असण्याचा संबंध नाही; वरच्या अंगाला मेलेलं जनावर खालून दिसत नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट राहू द्या, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. जिवाणू, विषाणू, परजीवी सगळे संपतात. हातातले पोकळ तंतूंचे फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, विषाणू सहसा नाही. हे फिल्टर एकदा ओले झाल्यावर गोठले तर आतून तडकतात आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून थंडीत तेही स्लीपिंग बॅगेत. (तुमच्यासाठी जागा उरली तर नशीब.)

शेतातली औषधं, खाणीचं पाणी, तळ्यावरचा निळा-हिरवा तवंग यांवर उकळण्याचा काही उपयोग नाही. तिथलं पाणी घ्यायचंच नाही.

जेवायला काय करावं? रोज नूडल्स खाऊन कंटाळा आला.

शिजवण्यापेक्षा भिजवण्याचा विचार करा. रानात गॅस मोजका असतो, वेळ भरपूर. पास्ता तास-दीड तास गार पाण्यात भिजवला तर उकळी आल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत होतो. मसूर डाळ आणि तांदूळ तंबू लावायच्या आधी पाण्यात घालून ठेवा. तंबू लागेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं.

दुसरी युक्ती उबेची. पातेल्याला उकळी आणा, दोन-तीन मिनिटं शिजवा, स्टोव्ह बंद करा, घट्ट झाकण लावा आणि पातेलं जाड लोकरी कपड्यात गुंडाळून वीस मिनिटं विसरून जा. भात, ओट्स, सुकवलेल्या भाज्या, जाड शेवया सगळं असं होतं, तळाला लागत नाही आणि गॅस अर्धा वाचतो. माझ्या मते ही एक गोष्ट जमली की बाजारातली तयार कॅम्पिंगची पाकिटं घ्यायची गरज उरत नाही.

चवीचं सामान घरूनच एकत्र करा: मीठ, तिखट, सुकवलेला लसूण-कांदा एका पुडीत, तेल घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत. तेलात कंजूषी नको. दिवसभर चाललेल्या माणसाला उष्मांक हवे असतात आणि तेलाइतके ते दुसऱ्या कशात दाटलेले नाहीत.

उंचावर डाळ शिजतच नाही, हे खरं का?

खरं. दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांना उकळतं आणि तिथेच थांबतं. आच कितीही वाढवा, वाफच जास्त होते. अख्खी कडधान्यं तिथे विसरा. राजम्याबद्दल तर ठाम नाही म्हणेन: त्यात मूळचं एक विष असतं, ते पूर्ण उकळीवर दहा मिनिटं तरी राहिलं तरच मरतं. अर्धवट शिजलेला राजमा आणि जवळ शौचालय नाही, पुढचं तुम्ही समजून घ्या.

उरलेला भात सकाळी परतून खाल्ला तर?

उबदार हवेत रात्रभर राहिलेला भात टाकायचाच. त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढतात, त्यांनी केलेलं विष परत गरम केल्यानेही जात नाही. मोजून रांधा. उरलंच तर पिशवीत भरून परत न्या, झुडपात फेकू नका.

भांडी किती?

एक पातेलं झाकणासह, एक मग, एक लांब दांड्याचा चमचा, एक चाकू. दोघं असाल तर पातेलं सव्वा लिटरचं. बास.

तुमचा मग दुहेरी भिंतीचा असेल तर तो स्टोव्हवर ठेवू नका. मधली कोंडलेली हवा फुगून तो फुटतो.

भांडी साबणाने धुवायची का?

‘निसर्गात विरघळणारा’ असं लिहिलेला साबणही ओढ्यात नको. तो विरघळतो ते मातीत, पाण्यात नव्हे. जेवण झाल्याबरोबर पातेल्यात थोडं पाणी उकळा, चमच्याने खरवडा. जमत असेल तर ते पिऊन टाका. नाक मुरडू नका, मीठ-मसाल्याचं गरम पाणीच आहे ते. नाहीतर गाळून घ्या, शितं कचऱ्याच्या पिशवीत आणि पाणी ओढ्यापासून ६० मीटर दूर जमिनीवर पसरून.

कॉफीची सगळ्यात सोपी पद्धत कोणती?

जिला काहीच लागत नाही ती. मी सगळ्यांना आधी हीच शिकायला सांगतो, कारण यंत्र घरी राहिलं तरी कॉफी मिळाली पाहिजे.

३०० मिली पाणी उकळा. स्टोव्ह बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. १८-२० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घाला, म्हणजे तीन मोठे चमचे भरून. एकदा ढवळा, सगळी पूड भिजली पाहिजे. झाकण ठेवा. चार मिनिटं हात लावू नका. मग वरचा थर चमच्याने हलकेच मोडा, चमचाभर गार पाणी शिंपडा आणि आणखी एक-दोन मिनिटं जाऊ द्या. पूड तळाशी बसते. आता पातेलं न हिंदकळता, बारीक धारेने मगमध्ये ओता आणि शेवटचे दोन घोट पातेल्यातच राहू द्या.

कॉफी उकळायची नाही, एवढाच नियम. उघड्यावरची कॉफी कडू लागते असं म्हणणारे बहुतेक लोक पूड घालून रटरटा उकळतात आणि मग दोष पाण्याला देतात. ९० ते ९६ अंशांचं पाणी पुरतं.

प्रमाण आणि दळण याला इतकं महत्त्व का?

लिटरला ६० ग्रॅम हे प्रमाण कुठल्याही गाळीव पद्धतीला चालतं. घरी एकदा काट्यावर तोलून बघा तुमच्या चमच्यात किती मावते, म्हणजे रानात काटा लागत नाही. दळण बारीक असेल तर पूड तळाला बसत नाही आणि अर्क जास्त उतरून तोंड कडू होतं. फार जाड असेल तर पाणचट, आंबट. पातेल्यातल्या पद्धतीला भरड रव्यासारखं दळण ठीक.

हातचक्की न्यावी का? दोन रात्रींसाठी नको. निघायच्या आदल्या संध्याकाळी दळा, प्रत्येक वेळची पूड वेगळ्या पुडीत बांधा, सगळ्या पुड्या हवाबंद डबीत. सुवास थोडा कमी होईल, पण पाव-अर्धा किलोची चक्की डोंगर चढवून नेण्याइतका नाही. ज्यांना सकाळी दाणे दळण्यातच सुख आहे त्यांनी खुशाल न्यावी; सुखाला वजन नसतं असं म्हणतात, चढावर ते खोटं ठरतं.

मोका पॉट, एरोप्रेस, गाळणी यातलं काय न्यावं?

एरोप्रेस. २००५मध्ये बाजारात आलेलं, दट्ट्याने दाबून कॉफी गाळणारं हे नळकांडं अॅलन अॅडलर या अमेरिकी संशोधकाने बनवलं. प्लॅस्टिकचं, फुटत नाही, आणि दाबून झाल्यावर चोथ्याची कोरडी वडी बाहेर पडते. रानात पाणी आणि साफसफाई दोन्ही वाचवणं हा त्याचा खरा गुण. पण दाबताना खालचा मग सपाट दगडावर ठेवा, आणि तो पातळ पत्र्याचा नको. उतारावर कलंडलेली गरम कॉफी थेट मांडीवर येते.

मोका पॉट, म्हणजे स्टोव्हवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी करणारं भांडं, १९३३चं इटालियन डिझाइन, दाट आणि जोरकस कॉफी देतो. कॅम्पिंगच्या बर्नरवर मात्र त्याचं बूड लहान पडतं आणि पॉट डुगडुगतो. शिवाय त्याला मंद आच हवी. छोट्या बर्नरची ज्योत एकाच जागी भडकते. पाणी झडपेच्या खालपर्यंतच भरा.

कापडी गाळणी हलकी, खिशात मावते, कॉफी छान उतरते. पण ओलं कापड सॅकमध्ये आंबतं, म्हणून एका रात्रीपुरतीच. पर्कोलेटर नकोच. झालेलीच कॉफी तो पुन्हा पुन्हा उकळत्या पाण्यातून फिरवतो.

इन्स्टंट चालेल का, की लोक हसतील?

हसू द्या. पावसात, पहाटे चारला निघायचं असताना इन्स्टंटसारखं काही नाही.

उंचावर कॉफी फिकी होते. काय करू?

३,००० मीटरवर उकळतं पाणीच ९० अंशांचं असतं, मग थांबून ते आणखी गार करायचं कशाला? स्टोव्ह बंद केल्याक्षणी पूड घाला. दळण थोडं बारीक ठेवा, पातेलं कपड्यात गुंडाळा आणि चारऐवजी सहा मिनिटं द्या. बर्फ वितळवून पाणी करत असाल तर आधी तळाशी थोडं पाणी घाला, नाहीतर बर्फ तळाला करपतो आणि कॉफीला जळका वास येतो. गंमत वाटेल, पण करपतो खरा.

दूध?

पावडर. आधी गार पाण्यात कालवा, मग कॉफीत घाला, गुठळ्या होत नाहीत.

चोथा झाडाच्या बुंध्याशी टाकला तर खतच ना?

घरच्या कुंडीत खत, रानात कचरा. चोथा महिनोन्‌महिने तसाच दिसतो, वासाने प्राणी येतात, आणि लोकांच्या नेहमीच्या मुक्कामाच्या जागी प्रत्येकाने मूठ-मूठ टाकली तर काय होईल बघा. पिळून, पिशवीत बांधून परत. संत्र्याच्या साली आणि अंड्याची टरफलं यांनाही हाच नियम.

रात्री प्राणी येतील का?

अन्नाचा वास आला तर येतील, आणि बहुधा उंदीरच. ते सॅक कुरतडतात, म्हणून खाणं तंबूत उशाशी ठेवू नका. अस्वलांच्या मुलखात स्वयंपाक तंबूपासून ६०-७० मीटर दूर, वारा तंबूकडून स्वयंपाकाकडे जात असेल अशा बाजूला करा. खाणं, टूथपेस्ट, वासाचं सगळं तिथे सांगितलेल्या कडक डब्यात बंद करून तंबूपासून तेवढंच लांब ठेवा. ज्या कपड्यांत फोडणी दिली त्यांत झोपू नका.

आणि सकाळची ती दुसरी निकड?

कॉफी तिची वेळ कुणाला चुकवू देत नाही, म्हणून खड्डा आधी खणून ठेवा. पाण्यापासून, वाटेपासून, तंबूपासून ६० मीटर. खोली १५ ते २० सेंटिमीटर, कारण कुजवणारे जीव मातीच्या वरच्या थरातच असतात. कागद पिशवीत परत. खडकाळ किंवा बर्फाळ जागी खणता येत नाही, तिथे सगळंच परत आणायच्या पिशव्या मिळतात.

गॅसचा डबा विमानात नेता येतो का?

नाही. हातातल्या सामानात नाही आणि चेक-इनमध्येही नाही, रिकामा दिसत असला तरी. उतरल्यावर तिथे घ्या, आणि जाण्याआधी तिकडे स्क्रूचे डबे मिळतात की टोचायचे, ते बघून त्याप्रमाणे बर्नर न्या. बर्नरला इंधनाचा वास येत असेल तर तोही अडवतात; धुऊन, हवेत सुकवून मगच भरा.